एक्केचाळीस झाडांचा अहवाल

लिक्वेंडा, ४ ऑगस्ट २००३

मामा,

तुम्हांला आणि मामींना नमस्कार. मामींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. इकडे आम्ही बरे आहोत. परीक्षा संपली, माझ्या वर्गाचे एकशे दहा पेपर तपासून हातावेगळे केले. आता तीन आठवडे शाळा नाही, म्हणजे नगरसेविका म्हणून भांडायला मी मोकळी.

भांडण झाडांवरून आहे. बाजारपेठेपासून दवाखान्यापर्यंत दोन्ही कडांना उभ्या असलेल्या म्बावा. तुम्ही सव्वीस वर्षं या नगरपरिषदेचे वृक्ष-अधिकारी होतात, तेव्हा त्यांची ओळख तुम्हांला मी काय करून देणार. परवा मी चालत जाऊन मोजल्या. एक्केचाळीस आहेत.

गेल्या मंगळवारी बांधकाम समितीपुढे दवाखान्याचा रस्ता रुंद करायचा खर्च मंजुरीला आला. रस्त्याला माझा विरोध नाही. बाळंतिणीची गाडी त्या खड्ड्यांत कशी अडकते ते मी स्वतः ढकलून पाहिलंय. पण टिपणीच्या शेवटी एक ओळ होती : ‘कडेची सर्व झाडे आतून पोकळ व धोकादायक असल्याचा तपासणी अहवाल प्राप्त.’ सर्व. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एकदम पोकळ झाली? माणसांची साथ ऐकली होती, झाडांची नाही.

कवेत न मावणारं झाड समितीच्या ठरावाशिवाय आणि तपासणी अहवालाशिवाय तोडायचं नाही, हा नियम तुम्हीच भांडून करून घेतला होता ना? आता अहवाल आहे, ठरावही होईल. नियम पाळूनच झाडं जातील.

माझा संशय अध्यक्षांवर आहे. म्बेंडेरा तुम्हांला आठवत असेल, मक्याची गिरणी आणि दोन लॉऱ्या असलेला. मी अहवाल वाचायला मागितला तर म्हणाला, “टीचर, हा तुमचा वर्ग नाही. हात वर करा आणि पुढच्या विषयावर चला.” आणि त्याच आठवड्यात त्याच्या लॉरीत दोरखंड आणि दोघांनी ओढायच्या करवती होत्या. माझ्या शेजारणीने पाहिल्या. म्बावाची फळी म्हणजे महोगनी, तिला काय भाव येतो ते तुम्हांला ठाऊक आहे.

एक सेक्रेटरी कापालामुला तेवढा सज्जन वाटतो. तोच मला न मागता कागद देतो, मतदान पुढच्या बैठकीपर्यंत त्यानेच पुढे ढकललं.

मामा, एवढंच सांगा. तुम्ही सोडलीत तेव्हा ती झाडं पोकळ होती का?

तुमची भाची,
एनिफा

⁂

न्खाटा बे, १९ ऑगस्ट २००३

एनिफा,

पत्र पोचलं. तुझ्या मामीचा गुडघा थंडीत धरतो, ऊन पडलं की सुटतो. सरोवराला यंदा बारीक मासळी भरपूर आहे. वाळवून एक पोतं तुझ्यासाठी ठेवलंय, कोणी येणारं भेटलं की धाडीन.

झाडांचं म्हणशील तर झाडंही म्हातारी होतात. मी तिथून निघून दोन वर्षं झाली. दोन वर्षांत वाळवी काय करील सांगता येत नाही. लांब बसून बोलणं बरोबर नाही.

म्बेंडेराशी वैर घेऊ नकोस. त्याच्या गिरणीवर अर्धं गाव दळण आणतं. तुझं मत एक आहे, ते दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीसाठी वापर. झाडं काही मतदार नाहीत. तुझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

आणि पोरी, समितीतल्या गोष्टी पत्रात लिहीत जाऊ नकोस. टपाल कोण उघडतं, कोण चिकटवतं, माहीत नसतं.

लेफर्ड नामालोंबा

⁂

लिक्वेंडा, ३० ऑगस्ट २००३

मामा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. लहानपणी त्या रस्त्याने जाताना मी एका म्बावाच्या सालीवर खिळ्याने नाव कोरलं, तेव्हा भर रस्त्यात माझा कान पिळणारा माणूस ‘झाडं काही मतदार नाहीत’ असं लिहितो, हे मला पटेना. वाटलं, मामींनी लिहून दिलं असेल. पण अक्षर तुमचंच.

मग काल कापालामुलाने मला त्याच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं, चहा दिला. म्हणाला, “मॅडम, हे दाखवायला नको होतं. पण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.” आणि त्याने अहवालाचं शेवटचं पान पुढे सरकवलं.

सही तुमची आहे. नामालोंबातल्या ‘ल’ची ती लांब शेपटी मी दुसरीत असल्यापासून गिरवत आलेय. तारीख १२ मार्च २००३. म्हणजे तुम्ही निवृत्त होऊन पावणेदोन वर्षांनंतर.

मी विचारलं, हे कसं? तो म्हणाला, परिषदेने तुम्हांला अनुभवी माणूस म्हणून मार्चमध्ये बोलावलं होतं, तुम्ही दोन दिवस येऊन झाडं तपासून गेलात. “तुम्हांला सांगितलं नाही त्यांनी?” असं विचारताना त्याला खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मामा, तुम्ही लिक्वेंडाला आलात, दोन दिवस राहिलात आणि माझ्या दारात आला नाहीत? कुणाच्या घरी जेवलात?

झाडांवर आता पांढऱ्या रंगाने फुल्या मारल्यात. खाली भजी आणि ऊस विकणाऱ्या बायांना जागा सोडायची नोटीस आलीय. आणि बाजारात नवीनच कुजबूज आहे. मी विरोध करते तो म्हणे माझा वाटा वाढवून घ्यायला. मामाने आत सही करायची आणि भाचीने बाहेर ओरडायचं, असा आमचा घरचा धंदा आहे. टोमॅटो घेताना हे माझ्या तोंडावर ऐकवलं गेलं.

मला खरं काय ते हवंय.

एनिफा

⁂

न्खाटा बे, ११ सप्टेंबर २००३

एनिफा,

मी तुझ्या आईचा भाऊ आहे. तिच्यामागे तुझं शिक्षण, तुझं लग्न, तुझ्या नवऱ्याचं मयत, सगळ्यांत मी पुढे उभा राहिलो. मला समितीपुढे उभं करून प्रश्न विचारावेत असं काय घडलं?

मी कुठे गेलो, कुणाकडे जेवलो, याचा जाब मी भाचीला देणार नाही.

मतदानाच्या दिवशी बैठकीला जाऊ नकोस. आजारी पड. तुझ्यासाठीच सांगतोय. हे पत्र जाळून टाक.

लेफर्ड नामालोंबा

⁂

लिक्वेंडा, २० सप्टेंबर २००३

श्री. लेफर्ड नामालोंबा यांस,

बांधकाम समितीची बैठक मंगळवार, १४ ऑक्टोबर रोजी आहे. त्या दिवशी एक्केचाळीस झाडांवर आणि रस्त्याच्या खर्चावर मतदान होईल. अहवालावरची सही आपली आहे की नाही, हे समितीची सभासद म्हणून मी आपल्याला लेखी विचारत आहे. उत्तर आलं तर ते बैठकीत वाचलं जाईल. नाही आलं तर उत्तर आलं नाही, असं सांगितलं जाईल.

इथवर समितीचं झालं. आता माझं.

पत्र मी जाळलं नाही.

परवा कापालामुला शाळेत आला होता. फाटकाशी उभा राहून म्हणाला, “मॅडम, तुमच्या मामांचं नाव बाहेर यायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही त्या दिवशी नुसत्या आला नाहीत तरी पुरे. मी बाकीचं सांभाळतो.” दिवसभर मला वाटत होतं, किती भला माणूस. मग संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं, तुम्ही पत्रात जे लिहिलंत तेच त्याने सांगितलं. दोघांनाही मी त्या खोलीत नको आहे.

तुमचं आणि त्याचं बोलणं होतं का? मला आता कुणाबद्दलच खात्रीने काही म्हणता येत नाही. म्बेंडेरा चोर असेल तर निदान चोरासारखा बोलतो तरी. तुम्ही दोघं मात्र माझ्या भल्याचं बोलता.

एनिफा चिकोपा

⁂

न्खाटा बे, २९ सप्टेंबर २००३

एनिफा,

तुझ्या मामीने तुझं पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि परत देताना म्हणाली, “आता लिहा, नाहीतर मी लिहिते.” म्हणून लिहितोय.

मार्चमध्ये मी लिक्वेंडाला आलो नव्हतो. मार्चमध्ये मला कुठेच जाता येत नव्हतं. माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, एकामागून एक. मामी हात धरून परसात नेई. दवाखान्याचं कार्ड सोबत ठेवलंय, तारखा त्यावर आहेत. तुला कळवलं नाही, कारण तू शाळा टाकून धावत आली असतीस.

मग हे पहिल्याच पत्रात का नाही लिहिलं, असं तू विचारशील. कारण पुढचा प्रश्न सहीचा आला असता. सही माझीच आहे.

नोकरीचा शेवटचा आठवडा होता. निवृत्तिवेतनाची फाइल चार महिने हलत नव्हती. आमचं सामान बांधून झालेलं, घर दुसऱ्याला दिलेलं. कापालामुलाने सहा कोरे तपासणी अहवाल पुढे ठेवले. म्हणाला, “मोठे साहेब, तुम्ही गेल्यावर नवा माणूस यायला वर्ष लागेल. वादळात फांदी मोडली, एखादं झाड पडलं, तर कागदासाठी तुम्हांला उत्तरेहून बोलावू का? खाली सह्या करून ठेवा. इकडे तुमच्या फाइलवर मी सही करतो.”

मला कळलं नाही असं म्हणणार नाही. कोऱ्या कागदावर सही म्हणजे काय, हे मी हाताखालच्या माणसांना सव्वीस वर्षं शिकवलं. दोन गोष्टी त्याने एका श्वासात सांगितल्या, आणि त्या एका श्वासात का सांगितल्या तेही मला कळलं. मी सहा सह्या केल्या. चौथ्या दिवशी फाइल निघाली.

गेल्या वर्षी बाजारातले दोन जुने वड तोडल्याचं तू सहज लिहिलं होतंस. ‘पोकळ निघाले म्हणे.’ ते पोकळ नव्हते. मी तुला उत्तर लिहिलं त्यात पावसाबद्दल लिहिलं, मामीबद्दल लिहिलं, वडांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हाच बोललो असतो तर आज तुझ्यावर ही वेळ आली नसती.

कापालामुलाशी मी बोललेलो नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती. मी गप्प बसेन हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. तुला बैठकीला जाऊ नको म्हणालो ते तुझ्यासाठी नव्हतं.

आता झाडांचं. कोयत्याच्या पाठीने खोडावर कमरेच्या उंचीला मारायचं. भरीव झाड ठप्प आवाज देतं, पोकळ झाड रिकाम्या डब्यासारखं बोलतं. मी निघालो तेव्हा चार झाडं आतून गेलेली होती : दवाखान्याच्या फाटकाजवळची दोन, चर्चसमोरचं एक, पुलाच्या अलीकडचं एक. बाकीची सदतीस आपल्या सगळ्यांना पुरून उरतील.

हे पत्र समितीत वाच. सगळं वाच, माझ्या बाजूचं तेवढंच निवडू नकोस. तोवर कापालामुलाला दाखवू नकोस.

तुझा मामा,
लेफर्ड

⁂

लिक्वेंडा, १९ ऑक्टोबर २००३

मामा,

काय झालं ते माझ्याकडूनच कळावं म्हणून सविस्तर लिहिते. सरकारी पत्र आधी पोचलं तरी हे वाचा.

बैठकीला मी शिरले तेव्हा कापालामुला चहा ओतत होता. “मॅडम, आलात?” एवढंच म्हणाला, पण कपाबाहेर सांडला. झाडांचा विषय निघाला तशी मी उभी राहिले आणि तुमचं पत्र वाचलं. सगळं. ‘तुला बैठकीला जाऊ नको म्हणालो ते तुझ्यासाठी नव्हतं’ इथे पोचले तेव्हा शेजारच्या सभासदाने पाण्याचा पेला पुढे केला. मग दवाखान्याचं कार्ड टेबलावर ठेवलं.

म्बेंडेराने ते उचलून हात लांब करून वाचलं. म्हणाला, “सेक्रेटरी, मार्चमध्ये डोळ्यांना पट्टी बांधलेला माणूस एक्केचाळीस झाडं तपासून गेला?”

कापालामुला शांतपणे म्हणाला, “अध्यक्षसाहेब, वय झालेला माणूस आहे. भाची सांगेल तसं लिहून देईल. कार्ड काय, कुणाचंही मिळतं.”

आणि मामा, खोलीतली निम्मी डोकी माझ्याकडे वळली. त्यांना ते पटत होतं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही पटलं असतं. महिनाभर मीही तुमच्याबद्दल त्याचंच खरं मानत होते.

तेवढ्यात म्बेंडेरा उठला. “माणसं खोटं बोलतात. चला, झाडांना विचारू.” समितीचे नऊ सभासद, दोन कारकून आणि कापालामुला, अशी वरात भर अकराच्या उन्हात रस्त्यावर आली. म्बेंडेराने ऊस विकणाऱ्या बाईचा कोयता मागितला. ती म्हणाली, “धार गेली तर परिषद लावून देणार का? नोटीस तर अशी देता की जसा रस्ता तुमच्या सासऱ्याचा.” त्याने कोट काढून तिच्या टोपलीवर ठेवला आणि पहिल्या झाडावर कोयत्याची पाठ मारली. ठप्प.

प्रत्येक झाड त्याने स्वतः ठोकलं. अडीच तास लागले. आधी लोक हसत होते, मग मोजायला लागले. चर्चसमोरचं झाड डब्यासारखं बोललं. फाटकाजवळची दोन, पुलाजवळचं एक, तुम्ही लिहिलंत तिथेच. शेवटी एकूण पाच निघाली. पाचवं तुमच्या पत्रात नव्हतं. दोन वर्षांत वाळवी काय करील सांगता येत नाही, हे तुमचं खरं ठरलं.

कापालामुला अर्ध्या रस्त्यातूनच परत गेला होता. आम्ही आलो तर त्याच्या खोलीला कुलूप. फोडलं. तुमच्या सहीचे तीन कोरे अहवाल कपाटात मिळाले. दोन वापरले गेले. एकाचा पत्ता नाही. कापालामुलाला सध्या रजेवर पाठवलंय. करवती त्याच्या मेव्हण्याच्या होत्या. म्बेंडेराची लॉरी त्याने दवाखान्याच्या छपराचं काम सांगून भाड्याने घेतली होती.

ठराव असा झाला : पाच झाडं जातील, छत्तीस राहतील, रस्ता पूर्वेच्या बाजूने वाढेल आणि त्यासाठी नगरपरिषदेच्या नव्या इमारतीच्या खर्चातून रक्कम वळवायची. सात विरुद्ध दोन.

म्बेंडेराच्या गिरणीवर मी मुद्दाम गेले. बाजारात मी त्याला चोर म्हटलं होतं, तेव्हा माफीही बाजारातच मागायला हवी होती. दळण आणलेल्या बायांदेखत मागितली. तो पिठाने पांढरा झाला होता. म्हणाला, “टीचर, माझ्यावर संशय घेणाऱ्यांची रांग या दळणाच्या रांगेपेक्षा मोठी आहे. मागे उभ्या राहा.”

आता जे लिहायला हात धजत नाही ते. ठरावाचा शेवटचा भाग असा आहे की निवृत्त वृक्ष-अधिकाऱ्याने कोऱ्या अहवालांवर सह्या केल्याची चौकशी व्हावी आणि ती संपेपर्यंत त्यांचं निवृत्तिवेतन थांबवावं. मामा, हा भाग मी मांडला. दुसरं कुणी मांडायची वाट पाहिली असती तर कदाचित कुणी मांडलाही नसता. पण मग तुमचं पत्र घरच्यांनी घरच्यांना वाचवायला लिहिलेलं ठरलं असतं, आणि छत्तीस झाडंही त्याच्याबरोबर गेली असती.

असं मी स्वतःला सांगते. मी रागात होते हेही खरं आहे.

एनिफा

⁂

न्खाटा बे, २ नोव्हेंबर २००३

एनिफा,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. तुझं आधी उघडलं.

तुझी मामी तुझ्यावर रागावली आहे. ती सध्या किनाऱ्यावर मासळी विकायला बसते, आणि गुडघा दुखला की तुझं नाव घेते. हे मी लपवत नाही. लपवून बघितलं ना एकदा. पण काल जेवताना तीच म्हणाली, “पोरीने वाचलं मात्र सगळं, अधलंमधलं गाळलं नाही.” त्याचा अर्थ तू लाव.

चौकशी १९ तारखेला आहे. मला बोलावणं आलंय. मंगळवारच्या, १८ तारखेच्या बसने येतो. हरवलेल्या त्या एका अहवालाबद्दल मी जिल्हा वन कार्यालयाला आधीच कळवलंय की माझ्या सहीचा कुठलाही कागद आला तर तो खोटा समजावा. असं पत्र स्वतःबद्दल लिहिताना काय वाटतं ते तुला कधी कळू नये.

एक सांगायचं आहे. आपल्यात भाची मामाला भेटते ती गुडघे टेकून. तू लहान होतीस तेव्हापासून टेकत आलीस, चिखल असला तरी. स्टँडवर त्या दिवशी अर्धा बाजार असेल. या वेळी टेकू नकोस. लोक हसतील म्हणून नव्हे. मला ते घेता येणार नाही.

लेफर्ड

⁂

लिक्वेंडा, १२ नोव्हेंबर २००३

मामा,

बस दोनला येते, पण अडीच धरून चाला. मी शाळेतून सरळ येईन. राहायचं माझ्याकडे, लॉजमध्ये उतरायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मी समोरच्या बाजूला बसणार आहे. बाजारातल्या वडांबद्दल मी विचारीन, आणि तुम्ही गप्प का राहिलात तेही विचारीन. तुमच्या पत्रातलं सगळंच मी मानून चाललेय असं समजू नका. सहाच कागद होते, हे तुमच्याशिवाय आणि कापालामुलाशिवाय कुणाला माहीत आहे? मला हा प्रश्न पडतो याचं मला वाईट वाटतं, तरीही तो मी विचारणार आहे. तिथे मी भाची नसेन.

पण ते बुधवारी. मंगळवारी स्टँडवर समिती नसते. मी तिथे गुडघे टेकायचे की नाही, हे ठरवायचा अधिकार समितीला नाही, आणि तुम्हांलाही नाही.

एनिफा